त्यानं पाणी मागितलं होतं

आमच्या आईला प्रार्थना करता येत नसे. डोळे मिटायची, हात जोडायची, पण मंडळीत मोठ्यानं प्रार्थना करायची पाळी आली की तिची बोबडी वळायची. बाकीच्या बाया प्रार्थनेत आकाशपाताळ एक करत, गावातल्या पावसापासून दिल्लीच्या राजकारणापर्यंत सगळं प्रभूच्या कानावर घालत. आई मात्र "प्रभू, तू तं पाहूनच राह्यला" एवढंच म्हणे आणि आमेन करून मोकळी होई. मला याची लाज वाटायची. मी वक्तृत्वाची बक्षिसं आणणारी मुलगी, आणि माझ्या आईला देवाशी चार वाक्यं धड बोलता येऊ नयेत!

तिचं बोलणं हातांनी चाले, हे मला फार उशिरा कळलं. तिची सगळी नोकरी मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून झाली. दवाखाना बंद पडला तरी ती काही रिटायर झाली नाही. आमचं गाव केळापूर तालुक्यातलं, ख्रिस्ती घरं सगळी मिळून पाच. पण गावात कुठलीही म्हातारी अंथरुणाला खिळली की आईच्या पायात चपला चढल्याच. तिला आंघोळ घालायची, पाठीच्या जखमा पुसायच्या, नखं कापायची. जात विचारायची नाही आणि आपली सांगायची नाही. कुणी विचारलं, मावशी, तुम्ही कायले एवढं करता, तर म्हणायची, "रिकामी हाओ बाप्पा, दुसरं काय."

एक नियम मात्र तिनं आम्हाला घोटून घोटून शिकवला होता. दारात आलेल्या माणसाला आधी पाणी, मग नाव-गाव. "वर गेल्यावर प्रभू काई गनित नाही इचारनार," ती म्हणे. "तान्हेल्याले पानी देल्लं का, एवढंच इचारनार." तिचा सगळा धर्म त्या पेलाभर पाण्यावर उभा होता. आणि आमच्या शेजारी, एक घर सोडून, असं एक घर होतं जिथं हे पाणी चालत नव्हतं.

ते घर पिढीजात शेतकऱ्याचं, कापूस-तुरीचं. माणसं वाईट नव्हती. सणावाराला आमच्याकडे पुरणपोळी यायची, नाताळात आमच्या करंज्या त्यांच्याकडे जायच्या. फक्त आमच्या हातचं पाणी आणि शिजवलेलं अन्न ते घेत नसत. त्या घरची म्हातारी स्वच्छ सांगायची, "राग नको मानू वो बाई. दुधाले जात नसते, पान्याले असते." करंज्या दुधात मळलेल्या, तुपात तळलेल्या, म्हणून त्या चालत. आणि आमच्यासाठी त्यांच्या ओसरीच्या कोनाड्यात एक वेगळा पेला उपडा घातलेला असायचा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी डी.एड. झाले, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, सातवीच्या पोरांना समतेचा धडा शिकवू लागले, आणि घरी आले की तो कोनाडा. आई मात्र शांत. "त्याहिचा धरम त्याहिनं पाळावा, आपला आपन," म्हणायची, आणि त्या घरचं कुणी येईल म्हणून पावशेर दूध कायम राखून ठेवायची. आम्हाला चहाला कमी पडलं तरी चालेल, पण त्यातला थेंब हलायचा नाही. कुणी आलं की पेलाभर दूध, साखर घालून.

म्हातारी गेली. मुलाचा संसार सुरू होता, बायको, एक मुलगी. नियम करणारी गेली तरी नियम राहिला. कारण तो मोडायचा कुणी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी मागायचं की आम्ही द्यायचं?

ते कापसाचे वाईट दिवस होते. मी त्याबद्दल जास्त लिहिणार नाही, आमच्याकडच्या प्रत्येकानं ते आपापल्या घरात पाहिलेत. एवढंच सांगते की त्या वर्षी कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती आणि अळी काही हटत नव्हती. लोक दोन-दोन औषधं एकत्र कालवून फवारत होते. पंप पाठीवर, अंगात बनियन, तोंडाला फार तर दुपट्टा. झाड उंच, त्यामुळे फवारा वर मारायचा आणि तो परत आपल्याच तोंडावर पडायचा. आठवड्याला कुणाला ना कुणाला यवतमाळला नेल्याची बातमी यायची. आणि कुणी मेला की पहिला प्रश्न एकच, "पेला का उडालं?" म्हणजे औषध त्यानं मुद्दाम घेतलं की फवारताना अंगावर गेलं. मेलेल्या माणसाची अब्रू या एका प्रश्नात अडकलेली असायची.

तो रविवार होता. उपासना आटोपून आम्ही घरी आलो होतो, मी पडवीत सहामाहीचे पेपर तपासत होते. दुपारी दोनच्या सुमाराला शेजारचा तो, म्हातारीचा मुलगा, दारात आला. म्हणजे आला असं नाही, चौकटीला धरून उभा राहिला. अंगाला औषधाचा वास, सगळा घामानं भिजलेला, तोंडातून लाळ गळत होती. आईनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या.

"मावशी," तो म्हणाला, "पानी दे."

चाळीस वर्षांत त्या घरातल्या माणसानं आमच्याकडे पहिल्यांदा पाणी मागितलं होतं.

त्याला आमच्या घरातून दूध दिलं गेलं. पेलाभर, साखर घालून. तो घटाघटा प्यायला, पायरीवर बसला, तोंड पुसलं. "बरं वाटते," म्हणाला. मग उठून आपल्या घरी गेला, मध्ये एकच घर. आई त्याच्या मागोमाग त्यांच्या ओसरीपर्यंत गेली आणि बायकोला ओरडून म्हणाली, "याले लवकर दवाखान्यात ने वो, याचे डोये बरोबर नाहीत." तासाभरानं ऑटो आला, आधी पांढरकवडा आणि तिथून यवतमाळ. तिसऱ्या दिवशी तो गेला.

पेला का उडालं, हे विचारायला लोक आलेच. पोलीसही येऊन गेले. आई दिवसभर त्या घरी बसून होती, ओसरीवर, कोनाड्याखाली.

दोन महिन्यांनी ग्रामपंचायतीसमोर फवारणीची माहिती सांगायला आरोग्य खात्याची माणसं आली. दवाखान्यातली जुनी बाई म्हणून आईला पहिल्या रांगेत बसवलं. एक तरुण डॉक्टरीण बोलत होती. मास्क लावा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेनं फवारा. मग ती म्हणाली, विषबाधा झाली तर घरगुती उपाय करू नका. दूध देऊ नका, तूप-तेल देऊ नका. काही औषधं स्निग्ध पदार्थाबरोबर अंगात लवकर भिनतात. अंग साबणानं धुवा, कपडे बदला आणि तडक दवाखाना.

आई घरी आली ती भिंतीला टेकून बसली. संध्याकाळपर्यंत उठली नाही. मग म्हणाली, "आमच्या वक्ती तं दूधच देत. मिशनच्या मिसबाई सोता देत."

मी म्हटलं, "आई, तो आधीच मरायला टेकला होता."

"त्यानं पानी मांगतलं होतं वो."

माझ्या मनाच्या समाधानासाठी मी यवतमाळला जाऊन एका ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दुधानंच गेला असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही, अंगावर आधीच खूप गेलेलं असणार. पण द्यायला नको होतं. मी आईला त्यातला पहिला अर्धा सांगितला. तिनं दुसरा अर्धा आपोआप ऐकला.

त्या आठवड्यात ती पदर खोचून उभी राहिली. "मी त्याहिच्या घरी जाऊन सांगून येतो. मायाच घरचं दूध होतं म्हनून."

मी दार अडवलं. अक्षरशः, दोन्ही हात पसरून. मी तिला काय काय बोलले ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. म्हटलं, तुला काही समजतं का? पोलिसांचा कागद अजून मिटलेला नाही. ख्रिस्ती बाईनं काहीतरी पाजलं आणि माणूस मेला, हे गावभर व्हायला एक दिवस लागणार नाही. पाच घरं आहेत आपली. माझी नोकरी आहे. आणि त्या बाईला सांगून तिला काय मिळणार? तिचा नवरा परत येणार आहे? तुझं मन हलकं व्हावं म्हणून तिचं मन जड करायचं, हा कुठला धर्म?

शेवटचं वाक्य मला फार बिनतोड वाटलं होतं. वक्तृत्वाची बक्षिसं उगाच मिळत नाहीत.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग पदर सोडला आणि चुलीपुढे जाऊन बसली. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. मला वाटलं, पटलं तिला.

आमच्या देवळात पाळकसाहेब महिन्यातून एकदा यवतमाळहून एसटीनं येत, पहिल्या रविवारी. त्या दिवशी प्रभुभोजन असे, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. द्राक्षरस आमच्याकडे कुठला मिळायला! आदल्या दिवशी मनुका भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून त्याचा रस काढायचा, हे काम वर्षानुवर्षं आईचं. ताटात इवलेसे पेले भरून ते ताट मांडीवरून मांडीवर पुढे सरकतं, प्रत्येकानं आपला पेला उचलायचा. ज्याच्या मनात भावाबहिणीविषयी काही अडलेलं असेल त्यानं आधी ते मोकळं करून यावं, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. आम्ही सगळे ते ऐकत असू आणि पेला उचलत असू. शेजारणीशी अबोला धरलेल्या बाया उचलत, भाऊबंदकीत कोर्टात गेलेले भाऊ एकाच बाकावर बसून उचलत.

त्या महिन्यात ताट आईच्या मांडीवर आलं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं आणि तसंच माझ्याकडे सरकवलं.

मी कोपरानं ढोसलं. तिनं मान हलवली.

पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही. पाळकसाहेबांनी विचारलं तर म्हणाली, "मायं एक काम राह्यलं हाय." साहेब भले, त्यांनी खोदून विचारलं नाही. पण शनिवारी मनुका भिजत घालायच्या तिनं चुकवलं नाही. सात वर्षं दर महिन्याला तिनं तो रस काढला, पेले भरले, आणि एकही ओठांना लावला नाही. दर वेळी ते ताट तिच्या हातातून माझ्या हातात येई, आणि मी माझा पेला उचलून पिऊन टाकी.

घरात राखून ठेवायचं ते पावशेर दूध तिनं बंद केलं. स्वतः काळा चहा प्यायला लागली. मी म्हणायची, पित्त होईल. ती ऐकायची नाही.

त्याची बायको, आमच्या शेजारच्या वहिनी, त्याही बदलल्या. आधी हसून-खेळून असायच्या, पुढं बोलणंच तुटलं. नवरा गेल्याचं दुःख, आम्ही समजून घेतलं. वर्षाच्या आत त्यांनी दावणीची गाय विकली. कापसाच्या त्या दिवसांत जनावर विकणं काही नवल नव्हतं, तेही आम्ही समजून घेतलं. मुलगी लग्न होऊन जवळच्या गावी गेली आणि वहिनी एकट्या राहिल्या. आई रोज सकाळी अंगण झाडताना त्यांच्या दाराकडे बघायची. त्यांचं दार उघडलं की झाडू थांबायचा. मग पुन्हा सुरू. हे मी खिडकीतून किती वेळा पाहिलं, आणि किती वेळा शाळेला उशीर होतोय म्हणत डबा उचलून निघाले.

सातव्या वर्षी, फाल्गुनात, आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. ज्या हातांनी ती बोलायची त्यातला एकच उरला. आधी डोळ्यांनी ओळख द्यायची, मग तेही कमी होत गेलं. दवाखान्यातून घरी पाठवलं. आता मी तिला आंघोळ घालत होते, पाठ पुसत होते, नखं कापत होते, आणि मला ते तिच्यासारखं जमत नव्हतं.

पहिला रविवार चार दिवसांवर आला. पाळकसाहेबांनी निरोप दिला होता, आईला घरी येऊन प्रभुभोजन देऊ म्हणून. पुरतील का पाहायला मी डब्यातून मनुका काढल्या आणि हात थांबला. ही घेणार नाही. तोंड उघडून नाही म्हणता येत नसलं तरी ही घेणार नाही. हिचं काम राहिलंय, आणि ते मी अडवून धरलंय.

त्याच दुपारी मी वहिनींच्या घरी गेले. सात वर्षांत पहिल्यांदा आत बसले. त्यांनी काही न विचारता चहा ठेवला. कोनाड्यातल्या पेल्यात नाही, घरातल्याच कपात आणून दिला. काळा होता.

मी तो हातात धरूनच सांगितलं. म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी भाऊ आधी आमच्या दारात आले होते. त्यांनी पाणी मागितलं. आईनं दूध दिलं. मग कळलं की दूध द्यायचं नसतं. आईनं तेव्हापासून प्रभूचा पेला घेतला नाही."

वहिनींनी कप खाली ठेवला. मला वाटलं आता ओरडतील. मी ते ऐकून घ्यायची तयारी करून आले होते.

"किती देल्लं?" त्यांनी विचारलं.

"पेलाभर."

"मी दोन गिलास देल्ले," वहिनी म्हणाल्या. "वरून तूप टाकलं. नाही म्हनत होता तो, उलटी येते म्हनत होता. मी नाक दाबून पाजलं." मग म्हणाल्या, "डॉक्टरनं इचारलं, काही देल्लं काय घरी? मी नाही म्हटलं. ग्रामपंचायतीत त्या बाईनं सांगतलं तवा मी मांगच्या रांगेत होती."

मग मला गाय आठवली. दावणीची गाय, विकलेली. मी हातातल्या काळ्या चहाकडे पाहिलं.

वहिनींनी आजवर कुणालाही हे सांगितलं नव्हतं. मुलीलाही नाही. एक घर सोडून दोन बाया सात वर्षं काळा चहा पीत बसल्या होत्या, प्रत्येकीला वाटत होतं हे पाप माझ्या एकटीचं. मी आडवी आले नसते तर त्या सात वर्षांपूर्वीच एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या असत्या. फुकाफुकी झालं हे. कुणाचं काही भलं झालं नाही यातून.

"चाल," वहिनी म्हणाल्या आणि तशाच उठल्या.

आमच्या घरात येऊन त्या आधी माठाकडे गेल्या. स्वतःच्या हातानं पेला भरून घेतला आणि उभ्या उभ्या प्यायल्या, सगळा. मग आईच्या उशाशी बसल्या आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगू लागल्या. "मावशी, मीनंही देल्लं होतं. तुयं एकटीचं नाही. आयकून राह्यली ना? मीनंही देल्लं होतं." पाच-सहा वेळा म्हणाल्या असतील. आईचे डोळे अर्धवट उघडे होते, छताकडे. वहिनींनी तिचा डावा हात उचलून आपल्या तोंडावर ठेवला. हात जिथं ठेवला तिथं राहिला, मग घसरला.

तिनं ऐकलं का? पाळकसाहेब म्हणाले, ऐकलं असणार, कान शेवटी जातात. लोक असं म्हणतात. मला माहीत नाही, आणि आता कधीच कळणार नाही.

रविवारी साहेब आले. वहिनीही येऊन बसल्या होत्या. रस मी काढला होता. साहेबांनी प्रार्थना केली आणि चमचाभर रस आईच्या ओठांना लावला. तो आत गेला नाही. ओठांच्या कोपऱ्यातून ओघळला आणि उशीच्या अभ्र्यावर लालसर डाग पडला. वहिनींनी पदरानं तिची हनुवटी पुसली. साहेब म्हणाले, "घेतला त्यांनी." मी मान डोलावली. मंगळवारी सकाळी आई गेली.

आमच्या लहानशा दफनभूमीत गाव लोटलं होतं. तिनं ज्यांच्या आयांना, आज्यांना आंघोळी घातल्या ती सगळी माणसं आली होती. माती देऊन परतताना वहिनींनी माझा हात धरला. म्हणाल्या, "मावशीनं मनातच ठेवलं, बिचारीनं. एका शबदानं बोलली असती तं. मी काय तिले खाल्लं असतं? एवढा भरोसा नव्हता काय मायावर?"

मी हात सोडवून घेतला आणि पुढं चालू लागले.

आता खरं लिहिते. वर मी लिहिलंय की त्याला आमच्या घरातून दूध दिलं गेलं. मुद्दामच तसं लिहिलं. वहिनींनाही मी आईनं दूध दिलं असं सांगितलं, आणि तेही अर्धंच खरं होतं. त्या दिवशी त्यानं पाणी मागितलं तेव्हा आई क्षणभरही थांबली नव्हती. ती सरळ माठाकडे गेली, पेला बुडवला, भरला. तान्हेल्या माणसाला पाणी, तिचा हात दुसरं काही जाणतच नव्हता. मी पडवीतून पाहिलं आणि ताडकन उठले. म्हटलं, "आई, काय करतेस? तो शुद्धीत नाहीये. उद्या बाटवला म्हणतील. दूध दे त्याला, दूध."

आई भरलेला पेला हातात धरून उभी राहिली. एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी शिकलेली, बाहेरचं जग बघितलेली. तिनं पाणी परत माठात ओतलं आणि मी स्वयंपाकघरातून दूध आणून तिच्या हातात दिलं. साखर मीच घातली.

आणि मी दार अडवलं त्या दिवशीही तिचं एक वाक्य मी वर गाळलंय. पदर सोडण्याआधी ती म्हणाली होती, "तुयं नाव नाही घेनार मी." त्यानंतर सात वर्षं, बोलणं जाईपर्यंत, तिनं एकदाही, रागाच्या भरातसुद्धा, तूच म्हणाली होतीस असं म्हटलं नाही. माझं पाप तिनं आपल्या अंगावर घेतलं, त्याच्यासाठी पेला नाकारला, आणि मी दर महिन्याला तिच्या हातून ताट घेऊन ऐटीत पीत राहिले. धर्म, श्रद्धा यांवर मी आजवर किती बोलले असेन. ती बोबडी वळणारी बाई माझ्या शेजारी बसून ते करून दाखवत होती, आणि मी तिला कोपरानं ढोसत होते.

पुढच्या महिन्यात ताट आलं तेव्हा माझ्या शेजारची जागा रिकामी होती. पेले माझ्याच हातानं भरलेले. मी ते ताट दोन्ही हातांनी धरलं आणि पुढच्या बाईकडे सरकवलं. उपासना संपायची वाट न पाहता उठले.

वहिनी अंगणात तुरी वाळवत होत्या. मला पाहून हसल्या, हल्ली त्या हसू लागल्या होत्या. म्हणाल्या, "ये ताई, बस. चहा ठेवतो. आज दूध हाय, मुलीनं पाठवलं."

"आधी ऐका," मी म्हटलं.

उभ्यानंच सगळं सांगितलं. भरलेला पेला, माझा आवाज, माठात परत ओतलेलं पाणी, अडवलेलं दार. आईला तुमच्यावर भरोसा होता, वहिनी. मला नव्हता.

त्या तुरीच्या दाण्यांवरून हात फिरवत राहिल्या, एकाच जागी. मग विचारलं, "भरला होता पेला?"

"हो."

"त्यानं पाह्यला?"

मी मान डोलावली, हो म्हणून. त्यानं पाहिला होता. त्यानं हातही पुढं केला होता.

वहिनी उठल्या. दाराशी गेल्या, तिथं थांबल्या. माझ्याकडे वळल्या नाहीत.

"आज जाय तू," त्या म्हणाल्या. "आज मले तुयं तोंड नाही पाहवत." आत गेल्या. कडी लावण्याआधी आतून आवाज आला, "उद्या ये."

मी घरी आले. माठातून पेला भरून घेतला, पण तो पिता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडलं आणि त्यांचं दार उघडायची वाट पाहत उभी राहिले.